हे? हे गवत आहे!

झाडाचं नाव आलं नाही तर मराठी माणूस थोडा ओशाळतो. पक्ष्याचं आलं नाही तर "मैनेपैकी काहीतरी आहे" असं म्हणून वेळ मारून नेतो. गवताच्या बाबतीत मात्र त्याचा आत्मविश्वास कधी ढळत नाही. "हे काय हो?" असं कुणी विचारायचा अवकाश, खाडकन उत्तर येतं, "हे? हे गवत आहे." आणि हे उत्तर चूक आहे असं कुणालाही म्हणता येत नाही. जगात गवतांच्या अकरा-बारा हजार जाती आहेत, महाराष्ट्रातच चारशेच्या आसपास आहेत, आणि त्या सगळ्यांना हे एकच उत्तर पुरून उरतं. एवढ्या कमी अभ्यासात एवढं बरोबर असण्याची सोय दुसऱ्या कुठल्या विषयात नाही.

रविवारी सकाळी पुण्यातल्या एखाद्या टेकडीवर जाऊन बघा. निसर्गप्रेमींची रांग चाललेली असते. पुढे टोपीवाले मार्गदर्शक. "ही मोई. ही गणेर. हा सालई, याचा डिंक धुपात घालतात." मंडळी सालईला हात लावतात, वास घेतात, सालईबरोबर फोटो काढतात आणि पुढच्या झाडाकडे निघतात. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जाताना मध्ये कमरेइतकं काहीतरी उभं असतं. ते तुडवत जायचं असतं. पलीकडे पोचल्यावर मोजे आणि पायजम्याचे पायचे झटकायचे असतात. टेकडीचा निम्म्याहून अधिक भाग या 'काहीतरी'चाच असतो, पण कार्यक्रमपत्रिकेत त्याला दोन झाडांमधलं अंतर समजतात. एखाद्या चौकस मुलीने त्याच्याकडे बोट दाखवलंच, तर मार्गदर्शक घड्याळाकडे बघतात आणि नाश्त्याची आठवण काढतात.

हल्ली मोबाईलमधल्या ॲपला विचारायची सोय झाली आहे. फुलाचा फोटो दाखवला की ॲप क्षणात बारसं करून मोकळं होतं. गवताचा फोटो दाखवला की ते विचारात पडतं, गोल गोल फिरतं आणि शेवटी जाहीर करतं, 'गवत कुळातील वनस्पती.' एवढं तर आमच्या इमारतीचा वॉचमनही सांगतो, आणि त्याला चार्ज करावं लागत नाही.

वास्तविक या कुळाशी आपला घरोबा थोडाथोडका नाही. सकाळचे पोहे गवताचे, दुपारची भाकरी गवताची, पोळी गवताची, चहातली साखर गवताची. सुपं, टोपल्या, मांडवाचे वासे गवताचे. दूर्वा तर काय, चतुर्थीला एकवीस-एकवीसच्या जुड्या आपण विकत आणतो आणि बाकी वर्षभर तीच हरळी म्हणून माळ्याला पैसे देऊन उपटून टाकतो. महाराष्ट्राचं राजकारण तर प्रवरानगरचा पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून एका उंच, बहुवर्षायु गवताभोवती फिरतं आहे. त्या गवताचा दर टनाचा भाव काय, एवढ्यावरून रस्ते अडवले जातात. तरी कुणा पुढाऱ्याला 'गवतसम्राट' म्हणून बघा, पुढची उचल मिळायची नाही.

पण पुढाऱ्यांना तरी का बोलावं? खुद्द भारत सरकारला एक गवत ओळखायला नव्वद वर्षं लागली. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत ताड-माडांबरोबर बांबूही घालून ठेवला होता. बांबू हे गवत आहे हे वनस्पतिशास्त्रज्ञांना तेव्हाही माहीत होतं, पण शास्त्रज्ञ काही तोडीचे परवाने देत नाहीत. म्हणून मग स्वतःच्या बांधावरचं गवत कापून बाजारात न्यायचं तरी माणसाला झाड तोडल्याचे कागद गोळा करत हिंडावं लागे. मध्ये २००६ चा वनहक्क कायदा आला, त्याने बांबूला गौण वनोपजात घातलं. म्हणजे एकच बांबू एका कायद्यात झाड आणि दुसऱ्यात झाड नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा २०११ साली केंद्रातले मंत्री तिथे गेले आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. शेवटी २०१७ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि वनाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून खाली उतरला. वनातल्या बांबूला वन कायद्याचे नियम अजून लागू आहेत. कुंपण ओलांडलं की त्याची जात बदलते. असा चमत्कार डार्विनलाही दिसला नव्हता.

आता आमचे भावोजी. माझे धाकटे दीर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि त्यातही गवताचे. लोक निवृत्तीनंतर गळ्यात रुद्राक्षाची माळ घालतात, यांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं दहापटीचं भिंग असतं. मी बँकेत होते. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भावोजी घरी आले, एक भिंग माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही इतकी वर्षं चेकवरच्या सह्या तपासल्यात. तुमची नजर वाया जाता कामा नये." माझ्या निवृत्तीनंतरचे बेत मला कुणी विचारले नव्हते, आणि ते माझ्याकडेही तयार नव्हते, त्यामुळे मी गेले.

भावोजींचा पहिला धडा नेहमी पोटावर पडून असतो. गवत उभ्याने ओळखता येत नाही, असं त्यांचं मत. खोड घ्यायचं आणि दोन बोटांत फिरवायचं. तीन कडा लागल्या तर ते गवतच नाही, तो लव्हाळा, त्याचं कूळ वेगळं. गोल फिरलं आणि पेरं लागली तर पुढे बोलायचं. (महापुरात नम्रपणे वाकणारा म्हणून ज्या लव्हाळ्याचा दाखला शाळेपासून आपल्याला देतात, त्याला गवतांनी आपल्यात घेतलेलं नाही. नम्र माणसांचं असंच होतं.) मग पान खोडापासून सुटतं तिथे बघायचं. तिथे एक इवलासा पापुद्रा किंवा केसांची झालर असते, तिला जिव्हिका म्हणतात. भावोजी एखाद्या गवताची जिव्हिका बघायला टेकडीच्या उतारावर पालथे झाले की येणारे-जाणारे थांबतात. एक गृहस्थ तर पाण्याची बाटली घेऊन धावत आले होते.

यापुढचं काम ग्रंथावर चालतं. भावोजींच्या कपाटात १९३५ सालचं 'द बॉम्बे ग्रासेस' आहे. एथलबर्ट ब्लॅटर हे मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट पाद्री मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवायचे. त्यांनी आणि चार्ल्स मॅक्कॅन यांनी मिळून मुंबई इलाख्यातली गवतं लिहून काढली. ब्लॅटरसाहेबांनी जमवलेल्या वनस्पती आजही झेवियर्समध्ये कागदावर चिकटवून जपलेल्या आहेत. म्हणजे सातासमुद्रापलीकडून आलेल्या एका धर्मगुरूला आपल्या माळावरची गवतं वेगवेगळी दिसत होती. पुस्तक उत्तम आहे, फक्त ते वाचायला किल्ली लागते. किल्ली म्हणजे प्रश्नांची मालिका. कणिशकं, म्हणजे तुऱ्यातले फुलांचे इवलेसे झुबके, जोडीने आहेत का? असतील तर सातवर जा. सातवर गेलं की, जोडीतलं एक देठाचं आणि एक बिनदेठाचं आहे का? असेल तर एकोणीसवर जा. एकोणीसवर खालच्या तुसाच्या पाठीला खोबण आहे का, ते विचारतात. तूस दोन मिलिमीटरचं, खोबण त्यातली, वारा सुटलेला, चष्म्यावर घाम. एवढं करून आपण तेवीसवर पोचावं, तर तिथे लिहिलेलं असतं की हे गवत फुलोऱ्यात नसेल तर काहीच सांगता येणार नाही. भावोजी मात्र सातवरून थेट उत्तरावर उडी मारतात आणि पुढचा अर्धा तास ते उत्तर बरोबर कसं, हे मला पायरी-पायरीने पटवत बसतात.

तरी काही गवतं माणसावर दया करतात. मारवेलच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, भिंगाशिवायही दिसतं, आणि फुलोरा हाताच्या बोटांसारखा फाकलेला, जांभळट. जनावरांनी कितीही कुरतडलं तरी परत फुटतं, म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाण काढले आहेत. शेडा भल्या स्वभावाचा, जनावरांना आवडता, आणि जास्त चराई झाली की सगळ्यांत आधी माळ सोडून जाणारा. डोंगरीचे तुरे तांबूस-सोनेरी. रोशाला तर बघायचीही गरज नाही, पान चुरगाळलं की गुलाबाची झाक असलेला वास येतो. खानदेश-निमाडच्या डोंगरातून रोशाचं तेल निघायचं, मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळलं जायचं. युरोपातल्या किती सरदारीण बायांनी अस्सल गुलाबाचे पैसे मोजून सातपुड्यातलं गवत कानामागे लावलं असेल कुणास ठाऊक. निदान त्यांच्यापैकी कुणी "हे गवत आहे" असं म्हणाली नाही.

आणि मग कुसळी.

कुसळीला ओळखायचा प्रश्नच येत नाही, कारण ती तुम्हाला ओळखते. दसऱ्यानंतर टेकडीवरून घरी आलात आणि मोज्यात, पायच्यात, चपलेच्या पट्ट्यात, एकदा तर पर्सच्या आतल्या कप्प्यात जे रुतून बसलेलं सापडतं ते कुसळीचं बी. कुसळ आणि मुसळाची म्हण इथे आलीच असं समजा आणि पुढे चला. पण ते मोजे धुवायला टाकायच्या आधी एक कुसळ ओढून काढा आणि भिंगाखाली धरा. खालचं टोक सुईसारखं अणकुचीदार. त्याच्यावर ताठ केस, आणि ते सगळे मागच्या बाजूला वळलेले. आत शिरताना कुणी अडवत नाही, बाहेर ओढलं की प्रत्येक केस आडवा येतो. वर पाच ते दहा सेंटिमीटरचं काळपट तपकिरी कुसळ, निम्म्यापर्यंत पीळ पडलेलं आणि मध्ये कोपरात वाकलेलं. आता त्याच्यावर पाण्याचा थेंब सोडा. कुसळ हलायला लागतं. पीळ उलगडतो, वाकलेला भाग घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. वाळलं की पुन्हा पीळ. रात्री दव, दुपारी ऊन, रात्री दव, दुपारी ऊन, आणि दर फेरीला बी थोडं थोडं जमिनीत. ना बैल, ना तिफण, ना कर्ज. पेरणीसाठी एवढी चोख व्यवस्था केलेल्या बियाण्याला तुमचा मोजा आणि जमीन यांतला फरक मात्र कळत नाही. इतक्या हुशार मंडळींचं काहीतरी एक राहतंच.

ही कुसळी आपलीच, आपल्या डोंगरांचीच वाईट खोड आहे असं वाटत असेल तर तसं नाही. उष्ण प्रदेशांत जगभर तिचा वावर आहे. हवाईच्या बेटांवर तिला पिली म्हणतात आणि तिथल्या जुन्या झोपड्या तिने शाकारलेल्या असत. टेक्सासमधले गुराखी तिला तिच्या गुंत्यावरून नाव ठेवतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याकडच्या भागात गोऱ्या लोकांनी हौसेने मेंढ्या नेल्या आणि पुढे बऱ्याच जणांना गाई पाळाव्या लागल्या, त्यात या गवताचाही हात होता, कारण कुसळं लोकरीतून थेट कातडीत घुसतात. हवाईत छप्पर, ऑस्ट्रेलियात शत्रू, पुण्यात दोन झाडांमधलं अंतर.

भावोजींना कुसळीबद्दल काही बोलू दिलं की ते तिच्या संसारावर येतातच. तिच्या तुऱ्यात खालच्या बाजूला हिरवी, गुळगुळीत कणिशकं असतात, एकावर एक कौलांसारखी बसलेली. ती नर, किंवा नुसतीच नपुंसक. वरच्या भागात जोड्या असतात. जोडीतलं देठाचं कणिशक पुन्हा नर, सफाचट. त्याच्या आडोशाला बसलेलं बिनदेठाचं कणिशक मादी, आणि कुसळ फक्त तिलाच. "म्हणजे वहिनी, या गवतात दाढी बायकांना येते," असं म्हणून ते दरवेळी थांबतात आणि मी दरवेळी हसते, कारण सासरचं माणूस आहे. पुढचा भाग मात्र मला खरोखर आवडतो. एवढा नरांचा लवाजमा असून कुसळीचं बी अनेकदा त्यांच्या मदतीवाचूनच तयार होतं. आईची हुबेहूब नक्कल, बापाचा संबंध नाही. मग ते नर तिथे काय करतात, या प्रश्नावर भावोजी भिंग पुसायला लागतात.

माणदेशातल्या म्हसवडकडच्या बाजूला भावोजींच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गाव आहे. तो आता शाळेत मास्तर आहे, पण वडील अजून मेंढरं सांभाळतात. त्यांना सगळे तात्या म्हणतात. पाऊस संपता संपता भावोजींनी तिकडे जायचं काढलं. "तिथल्या माळावर शेडा अजून टिकून आहे. आणि तात्यांची परीक्षाही घेता येईल," ते म्हणाले. निवृत्त प्राध्यापकाला परीक्षा घेतल्याशिवाय करमत नाही.

वाटेत मास्तरांनी सांगितलं की या माळाची सरकारी ओळख दोन प्रकारची आहे. सात-बाराच्या उताऱ्यात तो काही ठिकाणी पोटखराबा आहे. पिकाच्या रकान्यात तलाठी 'गवत पड' लिहीत. आता ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये स्वतःच फोटो काढून भरायचं असतं, त्यात 'कायम पड' असा पर्याय सापडतो. देशाच्या नकाशातही असले माळ पडीक जमीन म्हणून रंगवलेले आहेत. मग एखाद्या पावसाळ्यात कुणाला तरी या पडीक जमिनीची दया येते. कोट्यवधी झाडं लावायच्या मोहिमा होतात, २०१९ मध्ये तर राज्यात तेहतीस कोटींचं उद्दिष्ट होतं. माळावर खड्डे निघतात. शेडा आणि मारवेल उपटून त्या जागी गिरिपुष्पाचं रोप, पाहुण्यांच्या हातात झारी, फोटो. उन्हाळ्यात रोप वाळतं. खड्ड्याच्या कडेने गवत परत येतं, कारण ते बहुवर्षायु आहे आणि त्याला पत्रिका लागत नाही. सोलापूरकडे नान्नजच्या माळावर १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं, ते या पक्ष्याला झाडी नकोच असते म्हणून. त्याला लांबवर दिसलं पाहिजे, आणि लांबवर दिसायचं तर मध्ये गवतच हवं. हे पक्ष्याला समजतं. पण पक्ष्याला अर्थसंकल्प मांडायचा नसतो.

तात्या माळावरच भेटले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. बरोबर त्यांच्या घरच्या मावशी होत्या, कडेला दगडावर बसून दोरी वळत. नमस्कार-चमत्कार झाल्यावर भावोजी थेट विषयावर आले. समोर एक ठोंब होता, अजून फुलोरा न आलेला. फुलोरा नसेल तर ब्लॅटरसाहेबांनी हात टेकलेले असतात, म्हणून मी कान टवकारले.

"तात्या, हे कुठलं?"

तात्या वाकले नाहीत. काठीने ठोंब जरा फाकवला, बुडाशी अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, "ही कुसळी."

"कशावरून?"

"बुडाला चपटी हाय की. हिकडं या, हात लावा. आन् ही बगा मागल्या सालची खुटं. ह्याच जाग्याव धा-पंधरा सालं हाय ती."

भावोजी पालथे झाले. चांगली पाच मिनिटं ते भिंगातून बुंध्याकडचं आवरण बघत होते, ते दबलेलं होतं, कण्याची धार निघालेली होती. मागच्या वर्षीची जळकी खुटं होती. "बरोबर आहे," ते उठून म्हणाले. आवाजात किंचित निराशा होती, विद्यार्थ्याने आयता पूर्ण मार्कांचा पेपर लिहिला की होते तशी.

"पुस्तकात बी आसंच दिलंय का?" तात्यांनी विचारलं.

"दिलंय. पण थोडं लांबून येतं ते."

मग दोघांची जुंपली. तात्या गवत दाखवायचे, भावोजी नाव सांगायचे, मग भावोजी दाखवायचे आणि तात्या सांगायचे. बहुतेक ठिकाणी दोघांचं जमत होतं. एका ठिकाणी फिस्कटलं. भावोजी ज्याला शेडा म्हणत होते त्याला तात्या पवना म्हणत होते, आणि पलीकडच्या बांधावरचं जे भावोजींच्या मते अगदी वेगळं गवत होतं त्यालाही तात्या पवनाच म्हणत होते.

"हेच तर," भावोजी माझ्याकडे वळून म्हणाले. "लोकांच्या नावांचा भरवसा नसतो वहिनी. गाव बदललं की नाव बदललं. म्हणून शास्त्रीय नाव हवं. ते जगभर एक."

"तुमचं नाव कदी बदलत न्हाय?" तात्या म्हणाले.

इथे भावोजी गप्प राहिले असते तर बरं झालं असतं, पण माणूस प्रामाणिक. लिनियसने १७५३ मध्ये कुसळीला अँड्रोपोगॉन गणात घातलं होतं, तिथून १८१७ मध्ये तिला काढून हेटेरोपोगॉनमध्ये नेलं. मारवेलचंही तसंच. फोर्सस्कॉल नावाचा लिनियसचा शिष्य येमेनमध्ये वनस्पती गोळा करता करता तापाने गेला, त्याच्या मागून १७७५ मध्ये पुस्तक निघालं, त्यात मारवेलला त्याने अँड्रोपोगॉनच म्हटलं होतं. आता ते डायकॅन्थियम आहे. आपला वाळासुद्धा व्हेटिव्हेरिया होता, तो अलीकडे क्रायसोपोगॉनमध्ये गेला. भावोजी एकेक नाव सांगत होते आणि तात्यांच्या मिशा रुंदावत होत्या.

"म्हंजी म्हायेरचं नाव येगळं आन् सासरचं येगळं," दगडावरून मावशी म्हणाल्या. दोरी वळायची थांबली नाही.

तात्यांची परीक्षा भावोजींच्या परीक्षेपेक्षा अवघड होती, कारण तीत पोट होतं. कुठलं गवत कधी, एवढंच ते विचारत होते. कुसळी श्रावणात कोवळी असते तेव्हा मेंढरं आनंदाने खातात, नाव ठेवायला जागा नाही. कुसळं धरली की तेच गवत तोंड सोलतं, लोकरीत शिरतं, डोळ्यात जातं. म्हणून ते आधी कापून वैरण करायचं, नाहीतर कळप दुसरीकडे न्यायचा. कुसळं पिकायची वेळ आणि कळप कोकणाकडे निघायची वेळ जवळजवळ एकच. माझ्या मते तात्यांचं पंचांग भावोजींच्या किल्लीपेक्षा सरस आहे, कारण भावोजींच्या किल्लीत मेंढी कुठेच नाही. भावोजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मेंढीचं वेगळं पुस्तक आहे."

परतताना डोंगराची एक सोंड काळी पडलेली दिसली. गेल्या उन्हाळ्याचा वणवा.

"पेटवलं की पुढल्या साली गवात जोरात फुटतंय, म्हणून लावत्यात," तात्या म्हणाले.

"फुटतं, पण कुठलं फुटतं?" भावोजींना हवा तसा प्रश्न मिळाला होता. "कुसळीचं बी जमिनीत पुरलेलं, फुटवे बुडाशी दडलेले. वरून जाळ गेला की शेडा दमतो आणि कुसळी जागा धरते. वारंवार जाळलं आणि वर चराई जास्त झाली, की माळावर शेवटी तीच उरते."

तात्या त्या काळ्या सोंडेकडे बघत राहिले. "म्हंजी जे नगं हाय त्येच आमी जाळून जाळून वाढिवतुय."

"तुम्ही लावता का वणवा?"

"म्यां? छ्या! शेजारच्या गावचं लावत्यात."

शेजारच्या गावात चहाला थांबलो तेव्हा तिथेही हेच सांगितलं गेलं, फक्त गावाचं नाव वेगळं होतं. पण ते नंतरचं. त्याआधी निघताना भावोजींनी एका लवकर फुललेल्या कुसळीचा तुरा खुडला आणि भिंग तात्यांच्या हातात दिलं. आयुष्यभर जिच्याशी हाडवैर तिला तात्या पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. भावोजींनी खालचे गुळगुळीत नर दाखवले, वरच्या दाढीवाल्या माद्या दाखवल्या. दाढीचा विनोदही केला. तात्या मनापासून हसले, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की विनोदात तथ्य असावं.

"आन् बी कुणाला धरतं?"

"मादीला."

"ह्यो गडी मदत करतो आसंल."

"पुष्कळदा नाही. त्याच्याशिवायच बी तयार होतं."

तात्यांनी भिंग खाली घेतलं. "मंग हे येवढं गडी तिथं कशापायी ठिवल्यात?"

भावोजींनी भिंग परत घेऊन शर्टाच्या टोकाने पुसायला सुरुवात केली. नराच्या कणिशकांनी मादीला आडोसा होतो वगैरे काहीतरी ते सांगू पाहत होते. मावशींनी दोरीचा पीळ मांडीवर घट्ट केला, उठल्या आणि मला म्हणाल्या, "चला ताई, च्या टाकते. ह्यांचं चालायचंच. तुरा बी तसाच दिसतोय, सगळं काम वरच्या बाईला, आन् हे खाली वळीनं बसल्यालं."